सॅक पाठीवर, स्नॉर्केल तोंडात: की कॉकर बेटावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मेक्सिकोच्या दक्षिणेला आणि ग्वातेमालाच्या पूर्वेला, कॅरिबियन समुद्राच्या काठी बेलीझ नावाचा छोटा देश आहे. 1973 पर्यंत तो ‘ब्रिटिश होंडुरास’ म्हणून ओळखला जात असे आणि 1981 साली तो स्वतंत्र झाला. राजभाषा इंग्रजीच असल्याने आपल्याकडच्या प्रवाशाला तिथे भाषेची अडचण येत नाही. या देशाच्या किनाऱ्यासमोर उत्तर-दक्षिण पसरलेली सुमारे 300 किलोमीटर लांबीची प्रवाळरांग 1996 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्या रांगेच्या आतल्या बाजूला, उथळ आणि शांत पाण्यात, की कॉकर हे जेमतेम आठ किलोमीटर लांबीचे बेट आहे. गावात मोटारी नाहीत. रस्ते वाळूचे आहेत, त्यांवरून सायकली आणि गोल्फ कार्ट चालतात, आणि ‘गो स्लो’ हे गावाचे ब्रीद पाट्यांवरही दिसते आणि हॉटेलातल्या वाढप्याच्या चालीतही.

पाठीवर सॅक टाकून कमी खर्चात फिरणाऱ्यांना हे बेट मानवते, कारण मुक्काम, जेवण आणि बोटीचा धक्का सगळे चालण्याच्या अंतरात आहे. मात्र स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी (स्नॉर्केल) लावून पाण्यावर तरंगत प्रवाळ पाहणे, यात नवखे लोक बहुधा एकच घाई करतात. बेटावर उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी ते सर्वांत लांबच्या आणि महागड्या सहलीची बोट धरतात आणि खोल पाण्यात गेल्यावर मास्क कसा बसवायचा हे शिकू लागतात. माझा आग्रह याच्या उलट क्रमाचा आहे. आधी पाण्यावर निवांत तरंगता यावे, मग जवळची छोटी सहल करावी आणि मोठी सहल त्यानंतर. पुढचे टप्पे याच क्रमाने मांडले आहेत.

केव्हा जावे

फेब्रुवारी ते मे हे महिने साधारणतः कोरडे आणि स्वच्छ असतात. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम असून पाऊसही याच काळात जास्त पडतो. 1961 च्या ऑक्टोबरअखेरीस आलेल्या ‘हॅटी’ वादळाने या बेटाचे मोठे नुकसान केले. बेटाचे दोन तुकडे करणारी ‘स्प्लिट’ नावाची खाच त्याच वादळात पडली असे सांगतात, आणि बोटी जाव्यात म्हणून गावकऱ्यांनी ती पुढे आणखी रुंद केली. डिसेंबर-जानेवारीत गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. त्याच सुमारास उत्तर अमेरिकेकडून थंड वाऱ्यांचे झोत येतात, ज्यांना तिथे ‘नॉर्दर’ म्हणतात. असा झोत आला की एक-दोन दिवस समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते आणि बोटी निघत नाहीत. उन्हाळ्याच्या महिन्यांत सारगॅसम हे तपकिरी शैवाल पूर्व किनाऱ्यावर वाहून येते आणि कुजल्यावर त्याचा उग्र वास सुटतो. प्रवाळाजवळच्या पाण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, पण किनाऱ्यावरची खोली घेताना ही गोष्ट विचारून घ्यावी.

कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्राचा विचार करताना आधी भरती-ओहोटी आठवते. बेलीझच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरहूनही कमी असतो, त्यामुळे तिथे बोट केव्हा आणि कुठे जाणार हे वारा ठरवतो. म्हणून बेटावर किमान चार रात्री ठेवाव्यात. दोनच रात्रींचा बेत आखला आणि नेमका त्यात वारा सुटला, तर प्रवाळ न पाहताच परतावे लागते.

व्हिसा, विमान आणि बोट

भारतीय पासपोर्टवर बेलीझचा व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे अमेरिकेचा वैध बहुप्रवेश व्हिसा किंवा तिथला कायम निवासाचा परवाना आहे, त्यांना सवलत मिळते. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी बेलीझच्या इमिग्रेशन खात्याकडून खात्री करून घ्यावी. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचे तर केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो, ही बाब तिकीट काढताना अनेकांच्या ध्यानात राहत नाही. त्यामुळे मुंबई-पुण्याहून केवळ या बेटासाठी निघण्यापेक्षा, अमेरिकेत नातेवाइकांकडे किंवा कामानिमित्त गेलेल्या मराठी माणसाने तिथून आठवडाभराची फेरी करणे अधिक सोयीचे पडते. ह्यूस्टनहून विमान अडीच तासांच्या आसपास बेलीझला पोहोचवते. मेक्सिको किंवा ग्वातेमाला फिरणाऱ्यांना बसने बेलीझ सिटीला येता येते. सीमा ओलांडताना देश सोडण्याचे शुल्क रोख भरावे लागते, म्हणून थोडे पैसे हाताशी ठेवावेत.

आंतरराष्ट्रीय विमानतळापासून बेलीझ सिटीतल्या वॉटर टॅक्सीच्या धक्क्यापर्यंत टॅक्सीने साधारण अर्धा तास लागतो. मीटर नसतो, म्हणून बसण्याआधी भाडे विचारावे. टॅक्सीत दुसरे सॅकवाले प्रवासी असतील तर भाडे वाटून घेता येते. धक्क्यावरून की कॉकर पाऊण ते एक तासाच्या अंतरावर आहे आणि तीच बोट पुढे शेजारच्या बेटावरच्या सान पेद्रो गावाला जाते. ‘की’ हा उच्चार लक्षात ठेवावा. इंग्रजी अक्षरे पाहून ‘केय’ म्हटले तर समोरचा क्षणभर गोंधळतो. शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटते, म्हणून दुपारी साडेतीननंतर उतरणारे विमान घेतले तर पहिली रात्र शहरात काढायची तयारी ठेवावी. छोट्या विमानाने पंधरा-वीस मिनिटांत बेटावर जाता येते. ते महाग असले तरी वरून दिसणारी प्रवाळरांगेची पांढरी फेसाळ रेघ खर्च वसूल करून देते.

बोटीत सामान एका बाजूला रचून ठेवतात. पासपोर्ट, पैसे, औषधे आणि फोन छोट्या पिशवीत स्वतःजवळ ठेवावेत आणि उरलेल्या सॅकवर ठळक खूण बांधावी, कारण धक्क्यावर सामान उतरताना सगळ्या काळ्या सॅक सारख्याच दिसतात. मागच्या उघड्या बाकांवर वारा छान लागतो, पण अंगावर तुषारही तेवढेच येतात.

सॅकमध्ये काय असावे

चाळीस लिटरची सॅक पुरते. चाके असलेली बॅग वाळूत ओढावी लागते आणि ती ओढणाऱ्याची केविलवाणी अवस्था धक्क्यावरूनच पाहायला मिळते. कपडे कमी न्यावेत, पण लांब बाह्यांचा, पोहताना घालायचा घट्ट टी-शर्ट न विसरता न्यावा. स्नॉर्केलिंग करताना पाठ तासन्‌तास उन्हाकडे असते, आणि पाण्याच्या गारव्यामुळे कातडी भाजल्याचे रात्रीपर्यंत कळत नाही. अंग झाकलेले असले की सनस्क्रीनही कमी लागते. ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळाला अपायकारक ठरतात, म्हणून उघड्या भागासाठी झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन घ्यावे आणि ते पाण्यात उतरण्याच्या बऱ्याच आधी चोळावे.

फिन्स (पोहताना पायात घालायचे रबरी पंख) बोटीवर मिळतात, तेव्हा त्यांचे ओझे नेण्यात अर्थ नाही. मास्क मात्र शक्य असल्यास स्वतःचा न्यावा. चेहऱ्याला न बसणाऱ्या मास्कने जितकी माणसे वैतागून पाण्याबाहेर येतात, तितकी माशांच्या भीतीने येत नाहीत. दुकानात मास्क पाहताना पट्टा डोक्यामागे न घेता तो नुसता चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास आत घ्यावा आणि हात सोडून द्यावा. श्वास रोखलेला असेपर्यंत मास्क चिकटून राहिला तर तो बसला असे समजावे. मिशा असणाऱ्यांच्या मास्कमध्ये वरच्या ओठाजवळून पाणी शिरते. तिथे मिशी थोडी कातरणे किंवा सिलिकॉनला चालणारे मलम लावणे हे दोनच उपाय आहेत, आणि मिशीचा अभिमान किती यावर निवड अवलंबून आहे. चष्मा असलेल्यांनी नंबराच्या काचांचा मास्क आधीच बनवून घ्यावा. संपूर्ण चेहरा झाकणारे नव्या धाटणीचे मास्क मी सुचवणार नाही, कारण त्यात पाणी शिरले तर ते झटकन काढणे कठीण जाते.

याखेरीज डास आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम, फोन ओला होऊ न देणारी पिशवी, टॉर्च आणि अमेरिकी पद्धतीचा प्लग घ्यावा. तिथला विद्युतदाब 110 व्होल्ट असतो, त्यामुळे चार्जरवर तो आकडा लिहिलेला आहे का ते पाहावे.

पैसे, मुक्काम, जेवण

एक अमेरिकी डॉलर म्हणजे दोन बेलीझ डॉलर हा दर कित्येक दशकांपासून बांधलेला आहे आणि दोन्ही चलने दुकानात चालतात. दोघांनाही नुसते ‘डॉलर’ म्हणण्याची पद्धत असल्याने कोणत्याही व्यवहाराआधी ‘कोणते डॉलर?’ असे विचारावे. न विचारल्यास खर्च थेट दुप्पट होऊ शकतो. फाटलेल्या अमेरिकी नोटा कोणी घेत नाही. बेटावर एटीएम आहे, पण सुट्टीच्या दिवसांत त्यातले पैसे संपलेले आढळतात, म्हणून दोन दिवसांची रोकड शहरातून आणावी.

मुक्कामासाठी सामायिक खोल्यांची हॉस्टेले, साधी लाकडी घरे आणि गेस्टहाऊस आहेत. गर्दीचा काळ वगळता फक्त पहिली रात्र आधी ठरवावी आणि दुसऱ्या दिवशी चालत फिरून पुढची खोली निवडावी. पूर्वेकडची समोरची गल्ली गजबजलेली असते आणि पश्चिमेकडची मागची गल्ली शांत. खोलीच्या दरात नऊ टक्के हॉटेल कर धरला आहे का, पंखा आहे की एसी, आणि पिण्याचे पाणी भरून मिळते का, हे तीन प्रश्न विचारावेत. नळाचे पाणी पिऊ नये.

जेवणात नारळाच्या दुधात शिजवलेला ‘राइस अँड बीन्स’ आणि त्यासोबत स्ट्यू चिकन हा रोजचा बेत असतो. नाश्त्याला मिळणारे फ्राय जॅक म्हणजे मैद्याच्या फुगलेल्या पुरीचाच भाऊ, ज्यात अंडे, चीज किंवा बीन्स भरून देतात. शाकाहारी मंडळींनी बीन्समध्ये डुकराचे मांस घातले आहे का ते आवर्जून विचारावे, कारण चवीसाठी त्याचा तुकडा टाकण्याची तिथे रीत आहे. टेबलावरच्या बाटलीतला हाबानेरो मिरचीचा सॉस लवंगी मिरची पचवणाऱ्यालाही घाम फोडतो. शेवंड (लॉब्स्टर) साधारण जुलै ते फेब्रुवारी याच काळात पकडता येते आणि शंखाची मासेमारी जुलै ते सप्टेंबर बंद असते. बंदीच्या काळात कोणी हे पदार्थ पुढे केले तर नाकारावेत. उलट लायनफिश दिसला तर जरूर खावा. तो मूळचा हिंद आणि प्रशांत महासागरातला मासा कॅरिबियनमध्ये घुसखोर ठरला असून प्रवाळावरच्या लहान माशांचा फडशा पाडतो.

निघण्यापूर्वीचा सराव

पोहता न येणाऱ्यालाही लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करता येते, पण तोंडाने श्वास घेत चेहरा पाण्यात ठेवण्याची सवय आधी व्हावी लागते. घराजवळच्या पोहण्याच्या तलावात, छातीइतक्या पाण्यात उभे राहून मास्क आणि स्नॉर्केल लावावे, चेहरा बुडवावा आणि श्वास मंद होईपर्यंत तसेच थांबावे. सुरुवातीला श्वास भरभर चालतो, कारण नाक बंद झाल्याचे शरीराला रुचत नाही. ते दोन-तीन मिनिटांत शांत होते. मग नळीत मुद्दाम पाणी जाऊ द्यावे आणि ‘फू’ करून जोरात एकाच झटक्यात ते वर उडवावे. हळूहळू फुंकले तर पाणी निघत नाही. मास्कमध्ये शिरलेले पाणी काढताना वरची कड कपाळावर दाबून, मान किंचित वर करून नाकाने हवा सोडावी. पाणी खालच्या कडेने निघून जाते. या दोन क्रिया न घाबरता जमल्या की निम्म्याहून अधिक तयारी झाली.

महाराष्ट्रात असणाऱ्यांनी ऑक्टोबर ते मे या काळात मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकासोबत एकदा समुद्रात उतरून पाहावे. तिथे पाणी बेलीझइतके नितळ नसते, पण लाटेवर श्वास सांभाळण्याची सवय तिथे चांगली लागते. हृदयविकार, दमा किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा बेत आखू नये.

बेटावरचा पहिला दिवस

पहिल्या दिवशी बोट घेऊ नये. प्रवाळरांग किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर दूर आहे आणि तिथे पोहत जाणे सर्वस्वी धोक्याचे आहे, कारण मधल्या पाण्यातून दिवसभर वेगवान बोटी जातात. सरावासाठी स्प्लिटजवळचा धक्क्यालगतचा कडेचा भाग ठीक आहे. खाचेच्या मधोमध प्रवाह जोरदार असतो आणि बोटींची वाटही तीच आहे, त्यामुळे समोरच्या तुकड्यावर पोहत जाण्याची पैज कोणी लावली तर हसून सोडून द्यावी.

लाइफ जॅकेट घालून फक्त तरंगावे. पाय सायकलसारखे मारू नयेत. मांडीपासून सरळ आणि सावकाश हलवावेत. उभे राहण्याची ओढ आवरता येते का, याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. दमलेला नवखा माणूस पाय खाली सोडतो आणि नेमका प्रवाळावर उभा राहतो. प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे, त्याची वाढ अतिशय संथ असते आणि एका फिनच्या फटक्याने मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षे जातात. शिवाय ‘फायर कोरल’ला कातडी लागली तर तासन्‌तास आग होते. दमल्यावर पाठीवर वळून आकाशाकडे तोंड करून विसावण्याची सवय इथेच लावून घ्यावी.

संध्याकाळी पश्चिम किनाऱ्यावर उथळ पाण्यात पाकटे (स्टिंगरे मासे) येतात. कोकणातल्या कोळ्यांना पाकटाचा काटा चांगला ठाऊक असतो. तो शेपटीवर असतो आणि अंगावर पाय पडला तरच ते मारते. पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत न्यावेत, म्हणजे ते आधीच बाजूला सरकते.

सहल कोणती घ्यावी

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सहल घ्यावी. ती की कॉकर सागरी राखीव क्षेत्रात, म्हणजे बेटासमोरच्याच प्रवाळावर जाते. दोन-तीन ठिकाणी थांबते, पाणी उथळ असते आणि खर्च साधारण ऐंशी ते शंभर बेलीझ डॉलर येतो. आत्मविश्वास आला की होल चान या दुसऱ्या राखीव क्षेत्राची पूर्ण दिवसाची सहल घ्यावी, जिचा दर जवळपास दुप्पट असतो.

पैसे देण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी दुकानात जाऊन बोलावे. एका गाइडमागे किती माणसे असतील, राखीव क्षेत्राचे प्रवेशशुल्क दरात धरले आहे का, पोहता न येणाऱ्यासाठी तरंगते कडे असते का, आणि वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हे विचारावे. गाइडकडे सरकारी परवाना असावाच लागतो, तो पाहायला मागण्यात संकोच नको. आपल्याला पोहता येत नाही हे तर स्वच्छ सांगावे. लाजेपोटी हे लपवणाऱ्यामुळे गाइडचे लक्ष बाकी सर्वांवरून उडते. शिडाच्या बोटीने जाणाऱ्या सहली वेळखाऊ असल्या तरी या बेटाच्या स्वभावाला त्याच शोभतात.

ग्रेट ब्लू होलबद्दल थोडक्यात सांगतो. सुमारे 300 मीटर रुंद आणि 124 मीटर खोल असलेला समुद्रातला तो गोल खड्डा स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी आहे. स्नॉर्केल लावून वर तरंगणाऱ्याला कडेचे प्रवाळ सोडले तर खाली गडद निळा अंधारच दिसतो, आणि त्यासाठी दोन-अडीच तास उसळत्या समुद्रातून जावे लागते. तो विमानातून पाहावा.

होल चानच्या पाण्यात

होल चान हे 1987 साली स्थापन झालेले सागरी राखीव क्षेत्र शेजारच्या अँबरग्रिस की बेटाच्या दक्षिण टोकाजवळ आहे. प्रवाळरांगेतली सुमारे नऊ मीटर खोलीची एक नैसर्गिक फट हा त्याचा गाभा. या फटीतून पाणी आत-बाहेर वाहत असल्यामुळे प्रवाह जाणवतो. चांगला गाइड आधी प्रवाहाच्या विरुद्ध नेतो, म्हणजे दमल्यावर परतताना पाणीच आपल्याला बोटीकडे आणते. मासेमारी बंद असल्याने इथले मासे माणसाला बुजत नाहीत. मोठे ग्रूपर, निळे-हिरवे पोपटमासे आणि कपारीतून तोंड उघडझाप करणारी हिरवी मोरे ईल ही इथली नेहमीची मंडळी. पाणी शांत असेल तर पोपटमाशाने चोचीने प्रवाळ खरवडल्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. खरवडलेले प्रवाळ त्याच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडते. प्रवाळावर शेवाळ माजू न देणाऱ्या या माशाच्या शिकारीवर बेलीझने 2009 पासून बंदी घातली आहे.

त्यानंतरचा थांबा शार्क रे ॲली. पूर्वी कोळी इथे मासे साफ करीत आणि टाकलेल्या तुकड्यांसाठी नर्स शार्क आणि पाकटे जमत. ती सवय त्यांना अशी जडली की आता बोटीचा आवाज आला तरी ते गोळा होतात. तपकिरी, दीड-दोन मीटरचे शार्क बोटीच्या शिडीशी घुटमळताना पाहून नवख्याचे पाय शिडीवरच थिजतात. हे शार्क तळाशी राहणारे आणि सहसा शांत असतात, पण शेपटी धरली किंवा अंगाला हात लावला तर चावतात. शिडीवरून उडी न मारता हळूच उतरावे, हात छातीशी घ्यावेत आणि बोटीपासून थोडे बाजूला जाऊन तरंगावे. काही बोटींवरून त्यांना खायला टाकतात. मला ते पटत नाही. बोट निवडताना ‘तुम्ही खायला टाकता का?’ हेही विचारावे आणि न टाकणारी बोट घ्यावी.

समुद्री गवताच्या पट्ट्यात हिरवी कासवे चरताना दिसतात. कासव श्वास घ्यायला वर येत असेल तेव्हा त्याच्या वाटेतून दूर व्हावे. मॅनाटी (समुद्री गवत खाणारा मोठा सस्तन प्राणी) दिसली तर बोटीतूनच पाहावी, तिच्यासोबत पोहणे बेलीझमध्ये बेकायदा आहे. फोटोसाठी एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने तोल सावरणारा माणूस प्रवाळाला हमखास धडकतो, म्हणून पहिल्या सहलीत कॅमेरा बोटीतच ठेवावा. सोबतीला एक जोडीदार ठरवावा आणि दर मिनिटाला मान वर करून तो आणि बोट कुठे आहेत हे पाहावे. थंडी वाजू लागली, पायात गोळा आला किंवा श्वास लागला तर हात उंच करून गाइडला बोलवावे आणि बाहेर यावे.

परतताना

बेटावर प्राथमिक उपचारांपुरते आरोग्यकेंद्र आहे. गंभीर दुखण्यात बेलीझ सिटी गाठावी लागते, म्हणून जलक्रीडेचा समावेश असलेला प्रवासविमा निघण्याआधीच घ्यावा. मुक्कामात एक दिवस मोकळा ठेवलेला असेल तर तो शेवटी न ठेवता मध्ये ठेवावा, म्हणजे वाऱ्याने सहल पुढे ढकलली तरी जागा राहते. तो दिवस रिकामाच राहिला तर सायकल घेऊन दक्षिण टोकापर्यंत जावे. वाटेत तिवरांची झाडी आणि पक्षी दोन्ही भरपूर आहेत.

दुपारचे विमान असेल तर सकाळची पहिली बोट धरावी. दुसऱ्या बोटीवर विसंबू नये. मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, कारण उन्हात सिलिकॉन लवकर खराब होते. खिशात उरलेले बेलीझ डॉलर देशाबाहेर कुठेही बदलून मिळणे कठीण असते, तेव्हा टॅक्सीच्या भाड्यापुरते ठेवून बाकीचे आदल्या संध्याकाळीच जेवणावर खर्च करावेत.